पाळी

शाळांच्या क्रिकेटचा हंगाम उघडला, की शिवाजी पार्कचा कट्टा आम्हां बापमंडळींनी भरून जातो. गेल्या हंगामात पहिल्याच सामन्याला आमचे चिरंजीव दिवसभर पॅड बांधून तंबूत बसले आणि तसेच घरी आले. पाळी आलीच नाही! रात्री जेवायला उठेनात.

मग गोष्ट सांगितली. ह्याच मैदानावर आचरेकर सरांकडे तयार झालेल्या सचिन-विनोदने १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज अमोल मुझुमदारही असाच पॅड बांधून बसून राहिला होता. २०२५ साली विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या महिला संघाचे प्रशिक्षक, ते हेच!

"पण बाबा, ते स्वतः भारताकडून कधी खेळले?"

आम्ही मुकाट्याने आमटी वाढून घेतली.