चार तळहातांवरचा संसार

भाच्याने अलीकडे एक वेगवान मोटार घेतली. वर्षातून दोनदा ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची आणि एरवी तिनेच पुणे-मुंबई करायचे, असा त्याचा बेत. परवा आला तो टायरच्या किमतींचे कागद घेऊनच. "मामा, ट्रॅकचेच टायर कायमचे टाकतो. पकड असली म्हणजे झालं!"

मला हसू आले नाही. कारण एकदा ऐन जुलैत बोरघाट उतरताना आमची साधी मोटार पाण्यावरून अलगद सरकली होती. मागे बायको आणि दोन मुले. कठडा हातभर अंतरावर असताना ती थांबली. टायर गोटा झाले होते आणि 'दिवाळीनंतर बदलू' असे मीच म्हटले होते.

मोटार कितीही महागडी असो, तिचा प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. सारा वेग, सारे ब्रेक आणि आतली माणसे त्या चार तळहातांवर! ट्रॅकच्या टायरचे रबर तापल्यावरच नीट चिकटते आणि त्यावर खाचाही मोजक्याच. कोरड्या ट्रॅकवर तो राजा. लोणावळ्याच्या थंड पावसात मात्र रबर तापत नाही आणि मोजक्या खाचांतून पुरेसे पाणी निघून जात नाही. मग टायर जमीन सोडून पाण्यावर तरंगतो. नासाच्या संशोधकांनी १९६३ साली विमानांच्या टायरवरून याचे गणित मांडले. ते ३२ पौंड हवेच्या गुळगुळीत टायरला लावले, तर साचलेल्या पाण्यात तरंगण्याचा वेग निघतो ताशी सुमारे ९४ किलोमीटर. द्रुतगती मार्गावर हा वेग कुणाला वेग वाटतच नाही!

"मग ट्रॅकवर काय करू?"

"दुसरा संच घे, चाकांसकट. ट्रान्सपोर्टने आधी पाठव, तिथे बदल."

"म्हणजे दुप्पट खर्च!"

"आज दुप्पट. पण एक संच वापरात असताना दुसरा झिजत नाही. आणि रस्त्याचा टायर निवडताना ट्रॅकवरचा सर्वांत चांगला दिवस धरू नकोस. घाटातला सर्वांत वाईट दिवस धर. त्या दिवशी शेजारी तुझी आई बसलेली असेल."

तो काही बोलला नाही. कागदांची घडी मात्र घातली.

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. मोटारीचा रंग आपण घरभर चर्चा करून ठरवतो. टायर मात्र दुकानदार देईल तो, स्वस्त असेल तो. खाचांच्या तळाशी बारीक आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. हे पाहायला पैसा लागत नाही, फक्त वाकावे लागते.

भाचा गेल्यावर मी खाली उतरलो आणि आमच्या गाडीपाशी वाकलो. दिवाळीची वाट पाहण्याजोगे ते टायर नव्हते.