१९१४ चा नकाशा आणि डहाणूचा खलाशी

युद्धाचा इतिहास वाचणारे पालघर जिल्ह्यात येतात ते तारापूरचा किल्ला पाहायला. येथील मच्छिमारांवर आजही सावट धरून असलेले युद्ध मात्र दूर उत्तरेस, सर क्रीक या खाडीपाशी अडकले आहे.

१९१४ मध्ये मुंबई सरकारने सिंध आणि कच्छ यांच्यातील सीमावाद एका ठरावाने मिटवला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. ठरावाच्या नकाशातील हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठाने जाते. पाकिस्तान त्या रेघेवर बोट ठेवतो. भारत खाडीचा मध्यप्रवाह ही सीमा मानतो. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात दोन्ही सैन्ये भिडली. १९६८ मध्ये लवादाने रणाची सीमा आखली. सर क्रीक निवाड्याबाहेरच राहिली. सागरी सीमा सुरू व्हायची ती खाडीच्या मुखापासून. मुखच वादात असल्याने पुढच्या समुद्रात उभयमान्य रेघ नाही.

आणि नेमके त्याच पाण्यात पालघरचे लोक जातात. पावसाळा सरला की डहाणू-तलासरीकडील तरुण, त्यांत आदिवासी पुष्कळ, ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून चढतात. बोट मालकाची, दिशा तांडेलाची; कराचीचा तुरुंग मात्र जाळे ओढणाऱ्यालाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओख्याच्या ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला, त्यात पालघरजवळच्या वडराईचा खलाशी मारला गेला. त्या दिवशी कोणतेही युद्ध जाहीर झालेले नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक कराराचे कलम ७३ सांगते, की विशेष आर्थिक क्षेत्रातील मासेमारीच्या गुन्ह्याला, संबंधित देशांत तसा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देता येत नाही. दोन्ही देशांनी हा करार स्वीकारला आहे. शिवाय २००८ च्या द्विपक्षीय करारानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या बदलल्या जातात. शिक्षा संपून नागरिकत्व पटले की महिन्याभरात सुटका व्हावी, असे त्यात लिहिले आहे. मे २०२५ च्या लष्करी संघर्षानंतरही हा याद्यांचा शिरस्ता मोडला नाही. १ जुलै २०२५ च्या यादीप्रमाणे पाकिस्तानात १९३ भारतीय आणि भारतात ८१ पाकिस्तानी मच्छिमार कैदेत होते. शिरस्ता पाळला जातो, मुदत पाळली जात नाही. पुढे कधीतरी वाघा सीमेवर काहींना सोडतात आणि त्याला सदिच्छा म्हणतात. करारात लिहिलेल्या सुटकेत सदिच्छा कसली?