पटाचा छकडा

ज्या वस्तूला चार-दोन सेकंदांपलीकडे आयुष्यात दुसरे काम नव्हते, तिला संग्रहालयात जागा द्यावी की नाही, असा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आमच्यापुढे पडला. वस्तू म्हणजे शंकरपटाचा छकडा. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या वऱ्हाडात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. पट्टी सरळ, वळण नाही की वळसा नाही. जोडी सुटली, धुरळा उडाला आणि निकाल लागला!

केळापुरातल्या एका विद्यार्थ्याच्या गोठ्यात आजोबांच्या छकड्याचे एक चाक, अर्धे जू आणि मोडका धुरा सापडला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. ती उठायला 2021 चा डिसेंबर उजाडला. तेवढ्या सात वर्षांत बाकीचा छकडा चुलीत गेला होता. कॉलेजात जुन्या वस्तूंची एक खोली आहे. तीत हा छकडा पुन्हा उभा करावा, असे मुलांनी ठरवले आणि मराठीचा मास्तर म्हणून नाव लिहायला मला बोलावले.

काम गावातल्या एका वृद्ध सुतारबाबांनी पत्करले. मुले म्हणाली, "बाबाजी, जाड लाकूड घ्या, शंभर वर्षं टिकलं पाहिजे." बाबा हसले. "लेकहो, जाड केला तं मंग तो शेनखताचा बंडा झाला. पटाचा काहून म्हनायचा?" पटाच्या छकड्याची सारी विद्या वजन घटवण्यात. बाजूच्या फळ्या नाहीत, बसायला धड जागा नाही. धुरकऱ्याने पाय रोवायचे आणि जीव मुठीत धरायचा. आख आणि आरे मात्र चिवट लाकडाचे, कारण तेथे कसर केली तर भर धावेत चाक निखळते. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव तांबडीलाल करून चाकावर चढवली, वरून पाणी ओतले, तेव्हा धाव आवळली आणि सगळे सांधे करकरून बसले. आमचे विज्ञानाचे प्राध्यापक वहीत टिपून घेत होते!

हेच गृहस्थ मोटारींचे शौकीन. त्यांनी सांगितले की, अमेरिकेत मोटारींचाही असा पट असतो. पाव मैलाची सरळ पट्टी, दोन गाड्या, आणि गाडीवर इंजिनाखेरीज शक्य तेवढे काही ठेवायचे नाही. त्यातले नाणावलेले धुरकरी डॉन गार्लिट्स. त्यांनी फ्लोरिडात ओकाला येथे अशा जुन्या गाड्यांचे संग्रहालयच थाटले. पूर्वी या गाड्यांत इंजिन पुढे आणि माणूस त्याच्या मागे बसे. 1970 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात एका शर्यतीत गार्लिट्स यांच्या गाडीतला गिअरचा भाग फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन पाठीमागे नेले, पुढच्याच वर्षी तसल्या गाडीने शर्यत जिंकली आणि पाहता पाहता सगळ्यांनी तीच रीत उचलली. जुनी गाडी नव्याने घडवताना कोणी "इंजिन मागेच बरे दिसते" म्हणून ते मागे बसवले, तर ती गाडी होईल सुरेख, पण खोटी होईल.

हे ऐकले तेव्हा आम्हा सर्वांना ते पटले. आठवड्याने आमचीच परीक्षा झाली.

छकडा तयार झाला. बाबांनी घरून एक काठी आणून त्यावर आडवी ठेवली. तुतारी! म्हणजे टोकाला लोखंडी आर लावलेली काठी. बैल पळावा म्हणून टोचायची. मुलांचे चेहरे उतरले. बंदी का आली होती, ते सर्वांना ठाऊक होते. राज्याच्या 2017 च्या नियमांत चाबूक, काठी, टोचणी यांना मनाई आहे. 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने शर्यतीचा कायदा उचलून धरला. मुले म्हणाली, "सर, आता हे होत नाही. मग उगाच गावाची नालस्ती कशाला?" खरे सांगायचे, तर मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. छकडा इतका देखणा झाला होता!

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी धुरकरी होतो, सर. माह्या हातानं टोचलं हाय. बैलानं कोनाला सांगतलं नाई, म्हनून मी सांगतो. ठेवाची असन तं दोन्ही ठेवा, नाई तं छकडाबी घरी नेतो."

तुतारी राहिली. खाली मी पाटी लिहिली. माझ्या सवयीप्रमाणे दहा ओळी झाल्या होत्या, त्या खोडून दोनच ठेवल्या: काय आहे आणि कशाला वापरीत.

छकड्यापाशी आता शाळेतली पोरे येतात. आधी चाक फिरवून पाहतात, मग जू उचलून पाहतात. शेवटी एखादे धीट पोर आरेच्या टोकाला बोट लावते आणि चटकन मागे घेते. पाटी वाचायची त्याला गरज पडत नाही.