आधी पाणी तपासा

स्मरणिकेसाठी 'वैद्यकाबाहेरचे काहीतरी लिहा' असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा माझ्या दवाखान्यातील खाऱ्या पाण्याच्या टाकीविषयी लिहावे असे ठरविले. लिहू लागल्यावर मात्र विषय वैद्यकाच्या बाहेर राहीना. शिवाय मला एक मत मांडावयाचे आहे आणि ते आपल्यातील काही सन्मित्रांना रुचणार नाही, याची कल्पना आहे. ज्या दवाखान्यात माशांकडे रोज दहा मिनिटे लक्षपूर्वक पाहणारे कोणी नाही, तेथील प्रतीक्षागृहात समुद्री मासे ठेवू नयेत.

आम्हां इंदूरकरांना समुद्राचे अप्रूप फार. लहानपणी सुट्टीत मामांकडे मुंबईस गेलो की तारापोरवाला मत्स्यालयाची वारी ठरलेली असे. तेव्हाची हौस पन्नाशीत उफाळून आली. नर्मदेचे नळाचे पाणी आर.ओ. यंत्रातून गाळावयाचे, पिशवीतील तयार क्षार त्यात विरघळवावयाचे आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ भरेपर्यंत रिफ्रॅक्टोमीटरला डोळा लावावयाचा. आपल्या पॅथॉलॉजिस्ट मित्रांकडे लघवीच्या तपासणीसाठी असतो, त्याच जातीचा हा प्रकार. असा हा हातभर समुद्र मी माझ्या बालरुग्णांसाठी थाटला. २००३ च्या त्या सुप्रसिद्ध चित्रपटामुळे मुलांना नारिंगी पट्ट्यांचा मासा 'निमो' आणि निळा 'डोरी' म्हणून आधीच ठाऊक होते. रडणे कमी झाले, मातापित्यांची वाट पाहणे सुसह्य झाले आणि मी टाकीकडे पाहणे हळूहळू सोडून दिले.

२०१५ च्या मे महिन्यातील सोमवार. सकाळी दवाखाना झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, निळा आज दगडामागे गेला नाही. सगळेच वर त्या धारेपाशी येऊन उभे आहेत. काहीतरी झालंय बघा." बाहेर पंचवीस रुग्ण होते. "बघतो मावशी," म्हणालो आणि थेट सायंकाळी पाहिले. निळ्याचे कल्ले वेगाने उघडझाप करीत होते. अंगावर दोन-तीन पांढरे ठिपके दिसले, किंवा दिसावेत अशी माझी तयारी होती. विक्रेत्यास दूरध्वनी केला, तो म्हणाला, "तांब्याचे औषध घाला." मी घातले. मुख्य टाकीतच घातले आणि समाधानाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतील कोळंब्या आणि शंखातल्या गोगलगायी मेलेल्या होत्या. तांबे हे अपृष्ठवंशीय प्राण्यांना विष आहे, हे मला पाठ होते. आठवले नाही इतकेच. कुजणाऱ्या देहांनी अमोनिया वाढविला. समुद्री पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असल्याने अमोनियाचा विषारी अंशही गोड्या पाण्याहून अधिक. दुपारपर्यंत निळा गेला, रात्री क्लाउनफिशच्या जोडीतील मोठी मादी गेली. मग कुठे मी थर्मामीटर पाहिला. पाणी ३१ अंशांवर होते. रविवारी रात्री वीज गेली होती आणि ती परत आल्यावर दोनपैकी एक पंप अडकून सुरूच झाला नव्हता. माशांना रोग नव्हता, त्यांना श्वास पुरत नव्हता. ते ठिपके पंपातून येणारे हवेचे बुडबुडे असावेत.

हिशेब साधा आहे. २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. समुद्राच्या पाण्यात ६.७. तेच पाणी ३० अंशांवर गेले की ६.२ च्या आसपास. बदल थोडासा वाटतो, परंतु समुद्री माशाचा कल्ला किती कामे करतो हे पाहिले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. होमर स्मिथ हे नाव आपण मूत्रपिंडाच्या शरीरक्रियाशास्त्रात वाचलेले आहे. समुद्री मासे सतत पाणी पितात आणि जास्तीचे क्षार मुख्यतः मूत्रपिंडाबाहेरील मार्गाने टाकतात, हे १९३० मध्ये दाखविणारे ते हेच. माशाचे शरीरद्रव समुद्रापेक्षा पुष्कळ सौम्य, साधारण एकतृतीयांश. म्हणून त्याच्या अंगातील पाणी अहोरात्र बाहेर ओढले जाते. पाण्यात राहून तो निर्जलीकरणाशी झगडत असतो. श्वसन, क्षारांचे उत्सर्जन आणि अमोनियाचा निचरा ही सारी कामे कल्ल्यांवर. त्यामुळे पाणी बिघडो की परजीवी लागो, पहिली वर्दी श्वासाची गती देते, आणि आपण पाण्यात जे ओततो ते हा प्राणी पीत असतो.

येथे मला स्वतःचीच लाज वाटते, कारण मी बालरोगतज्ज्ञ. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटास ५० वा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० वा अधिक, आणि तो पूर्ण एक मिनिट मोजावयाचा, हे मी गेली अनेक वर्षे परिचारिकांना शिकवितो. न बोलणाऱ्या रुग्णाची आई "हा रोजच्यासारखा नाही" म्हणाली तर ती गोष्ट तपासणीइतकी मोलाची माना, हेही शिकवितो. त्या सोमवारी मावशींनी मला नेमके तेच सांगितले होते.

आता माझी पद्धत निराळी आहे. सर्वच मासे एकाएकी बदलले तर आधी पाण्याचा संशय घ्यावयाचा: तापमान, क्षारता, सामू, अमोनिया, पंप. या तपासणीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. एकच मासा बदलला तर त्या माशाचा विचार. दगडावर अंग घासणे, डोके झटकणे, श्वास वाढणे ही क्रिप्टोकॅरिऑनची, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची लक्षणे. त्याचे ठिपके काही दिवसांत आपोआप नाहीसे होतात आणि हौशी मंडळी औषधाला यश देऊन मोकळी होतात. वस्तुतः परजीवी अंग सोडून तळाशी कवचात गेलेला असतो आणि पुढे पुष्कळ पटींनी परततो. तांबे त्याला फक्त पाण्यात मोकळा पोहत असताना मारते. तेही लिटरमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम इतक्या अरुंद पट्ट्यात. त्याखाली निरुपयोगी, थोडे वर घातक. डिगॉक्सिन देताना आपला हात कसा जपून चालतो ते आठवावे. म्हणून रोगी मासा वेगळ्या टाकीत हलवून, तांबे रोज मोजूनच उपचार करावयाचे. मुख्य टाकीतील चुनखडीचे दगड तांबे शोषून घेतात आणि पुढे तेथे कोळंबी जगण्याची शाश्वती राहात नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ॲमिलूडिनियम नावाचा परजीवी लागला तरी मासे धारेपाशी येऊन धापा टाकतात. पण ते अन्न नाकारतात, उजेड टाळतात आणि दोन-तीन दिवसांत मरतात. तेथे पाणी निर्दोष आढळल्यावर 'उद्या पाहू' म्हणणे हाही अपराधच आहे.

शिवाय प्रत्येक बदल हा रोग नव्हे. निळा घाबरला की दगडांत आडवा पडून मेल्याचे सोंग करी. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी जाळी घेऊन धावलो होतो. रॅस जातीचे काही मासे रात्री वाळूत पुरून घेतात. माझ्या क्लाउनफिशची गोष्ट तर याहून मनोरंजक. मादी गेल्यावर मागे राहिलेला लहान नर काही दिवस कोपऱ्यात होता. मग तो अंगाने वाढला, दांडगाई करू लागला. नवा छोटा सोबती आणला तर त्याला चावे. आणि तो छोटा आडवा होऊन थरथर कापे. एका बालरुग्णाच्या वडिलांनी "याला झटके येत आहेत" असे मला सांगितले. ते झटके नव्हते, शरणागती होती. क्लाउनफिशमध्ये सर्वांत मोठी ती मादी. ती मेली की नरच मादी होतो. चित्रपटवाल्यांनी ही बाब सोयीस्कररीत्या वगळली, हे बरेच झाले. मला रोज वीस मुलांना समजवावे लागले असते.

आता मूळ मताकडे येतो. 'मासाच तो, दुसरा आणू' असे म्हणणारे आपल्यातही आहेत. क्लाउनफिशपुरते ते एक वेळ चालेल; केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने मंडपम् येथे त्यांची पैदास करून दाखविली आहे. परंतु निळ्या टँगची बंदिस्त पैदास प्रथम जमली ती जुलै २०१६ मध्ये, फ्लोरिडात. म्हणजे त्याआधी वर्षभर माझ्या टाकीत मेलेला निळा कुठल्यातरी प्रवाळबेटावरूनच धरून आणलेला होता. आजही बहुतेक समुद्री शोभिवंत मासे असेच येतात आणि काही ठिकाणी ते सायनाइडने गुंगवून पकडले जातात. १९६० च्या दशकात फिलिपाइन्समध्ये सुरू झालेली ती रीत अजून पुरती मिटलेली नाही. इतक्या दुरून, इतके सोसून आलेला जीव भिंतीवरच्या चित्राच्या जागी टांगावयाचा आणि त्याला खाऊ घालण्याचे काम कंपाउंडरकडे सोपवावयाचे, हे मला पटत नाही. हौस असेल तर गोड्या पाण्याचे, येथेच वाढविलेले मासे ठेवावेत. तेही नको असतील तर भिंत कोरी बरी.

मी दुसरा निळा आणला नाही. टाकीशेजारी एक वही टांगली आहे. सकाळी कोण कुठे आहे, कोणी खाल्ले, कल्ले मिनिटास किती वेळा हलतात, हे मावशी लिहितात. मोजणे त्यांना मी शिकविले, पाहणे त्यांना येतच होते. रुग्ण कितीही असोत, वही पाहिल्याशिवाय पहिले नाव पुकारावयाचे नाही असा नियम आहे. गेल्या उन्हाळ्यात एकदा नोंद होती: 'मोठी वर आली आहे. ९२. पंखा बंद होता, लावला.' तासाभराने त्याखाली दुसरी ओळ होती: '६०. खाली गेली.'