छाननीच्या टेबलावर लागलेला निकाल

रामटेकमध्ये २८ मार्च २०२४ रोजी जे घडले, त्याची चर्चा निवडणुकीच्या धामधुमीत विरून गेली. जात पडताळणी समितीने काँग्रेसच्या उमेदवार रश्मी बर्वे यांचे जात वैधता प्रमाणपत्र रद्द केले. त्याच दिवशी छाननी होती, आणि मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव. अर्ज बाद झाला. बर्वे उच्च न्यायालयात गेल्या. नागपूर खंडपीठाने समितीच्या आदेशाला स्थगिती दिली, पण बाद झालेल्या अर्जाला हात लावला नाही. सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. १९ एप्रिलला मतदान उरकले. आणि सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने समितीचा तो आदेशच रद्दबातल ठरवला.

म्हणजे ज्या कारणासाठी अर्ज बाद झाला ते कारणच पुढे टिकले नाही. आता दाद कुठे मागायची? कायद्याचे उत्तर एकच आहे: निवडणूक याचिका. ती निकालानंतर ४५ दिवसांत दाखल करावी लागते. लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला, तेव्हा ही मुदत जुलैतच संपली होती. शिवाय याचिका करायची ती विजयी उमेदवाराची निवड रद्द व्हावी म्हणून, आणि रामटेकमधून विजयी झाले होते रश्मी बर्वे यांचेच पती श्यामकुमार बर्वे. पक्षाने पर्यायी उमेदवार म्हणून त्यांचा अर्ज आधीच भरून ठेवला होता, म्हणून निदान पक्ष तरी लढतीत राहिला. हाताशी पर्यायी उमेदवार ठेवणे पक्षांना जमते. दहा सूचक गोळा करून, अनामत भरून उभा राहिलेल्या अपक्षाचा अर्ज चुकीने बाद झाला, तर त्याची निवडणूक तिथेच संपते.

शेजारच्या अमरावतीचे प्रकरणही याच्या जोडीने पाहावे लागते. नवनीत राणा यांचे जात प्रमाणपत्र मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली, त्यांची खासदारकी राहिली आणि एप्रिल २०२४ मध्ये प्रमाणपत्रही वैध ठरले. त्या निकालाच्या गुणदोषांत मी इथे शिरत नाही. पण स्थगितीने एकीची खासदारकी शाबूत राहते आणि दुसरीला उमेदवारीसुद्धा परत मिळत नाही, हा फरक दोन व्यक्तींमधला नाही. तो कायद्याने निवडणुकीभोवती घातलेल्या कुंपणाचा आहे.

हे कुंपण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीइतके जुने आहे. तेव्हाच्या मद्रास राज्यात नामक्कल मतदारसंघातून एन. पी. पोन्नुस्वामी यांचा विधानसभेचा अर्ज बाद झाला. जानेवारी १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या कलम ३२९(ब)चा अर्थ लावला: ‘निवडणूक’ म्हणजे अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया, आणि तिच्यातल्या कोणत्याही टप्प्याला मध्येच न्यायालयात आव्हान देता येणार नाही. त्या काळात हे शहाणपणाचे होते. प्रत्येक बाद अर्जामागे एक दावा लागला असता तर देशाची पहिली निवडणूक कधी पूर्ण झाली असती कोण जाणे. निवडणूक वेळेवर होणे हीसुद्धा मतदाराच्या हक्काचीच गोष्ट आहे, हे मला मान्य आहे.

पण निवडणुकीच्या कायद्यात चुकीने अर्ज बाद करण्याला किती गंभीर मानले आहे, तेही पाहा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०० नुसार एखादा अर्ज चुकीने स्वीकारला असेल, तर त्याचा निकालावर परिणाम झाला हे सिद्ध करावे लागते. एखादा अर्ज चुकीने फेटाळला असेल, तर काहीच सिद्ध करावे लागत नाही; तेवढ्या एका कारणावर सगळी निवडणूक रद्द होते. ज्याला मत देण्याची संधीच मिळाली नाही त्याला किती मते पडली असती, हे कुणालाच सांगता येणार नाही, असा त्यामागचा विचार. इतकी मोठी चूक मानायची, आणि ती दुरुस्त करायला मात्र मतदान होईपर्यंत एकही दरवाजा ठेवायचा नाही, हे मला पटत नाही. याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात काय होते? मणिपूरच्या एका आमदाराने २०१२ च्या शपथपत्रात एमबीए पदवी खोटी लिहिली होती. त्याची निवड रद्द झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब ऑक्टोबर २०१६ मध्ये आले. विधानसभेची मुदत तेव्हा संपत आली होती.

सुरतला तर मतदानच झाले नाही. एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी अर्जावरच्या सह्या आपल्या नाहीत असे लिहून दिले. सूचकांना हजर करायला उमेदवाराला वेळ दिला गेला, ते आले नाहीत, अर्ज बाद झाला. उरलेल्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. पुढे काँग्रेसने आपल्याच त्या उमेदवाराला निलंबित केले. म्हणून मला वाटते, की अपिलाचा हक्क एकट्या उमेदवाराला देऊन भागणार नाही. उमेदवाराची लढायची इच्छा असो वा नसो, मतदाराला मतदान करायचे असते. त्या मतदारसंघातल्या कोणत्याही मतदाराला अपील करता आले पाहिजे.

मतदानाआधी अपील ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. नगरपालिका निवडणुकीत अर्जाबाबतच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते. न्यायालयांना निवडणुकीपासून दूर ठेवणारी तरतूद नगरपालिकांसाठीही, संविधानाच्या कलम २४३ झेडजीमध्ये, आहेच. तरी हे अपील चालते. यावर २०२५ च्या नगरपालिका निवडणुकीचा दाखला दिला जाईल. तेव्हा काही ठिकाणच्या अपिलांचे निकाल उशिरा लागले, माघारीला पुरेसे दिवस उरले नाहीत, आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथले मतदान २ डिसेंबरवरून २० डिसेंबरवर नेले. बाकीच्या शहरांची मतमोजणीही २१ तारखेपर्यंत अडकली. ज्यांनी तो गोंधळ सोसला त्यांचा राग मला समजतो. पण अपील आहे म्हणून तो झाला नाही. अपिलाच्या निकालाची तारीख निवडणुकीच्या कार्यक्रमात पक्की बसवलेली नव्हती, म्हणून झाला.

लोकसभा-विधानसभेचे वेळापत्रक कायद्यातच बांधलेले आहे. अर्जाची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांत माघार, आणि माघारीनंतर किमान चौदा दिवसांनी मतदान. छाननी आणि माघार यांच्यामध्ये तीन दिवस वाढवा, तेवढ्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक न्यायाधीश नेमून ठेवा, आणि तिसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत निकाल दिलाच पाहिजे असे लिहा. हे काम संसदेचे आहे आणि त्याला वेळ लागेल.

एक गोष्ट मात्र त्याआधीही करता येईल. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३६ मध्येच अशी सोय आहे, की हरकत खोडून काढायला उमेदवाराने वेळ मागितला तर निवडणूक निर्णय अधिकारी छाननीनंतर दोन दिवसांपर्यंत तो देऊ शकतात. ‘देऊ शकतात’, म्हणजे ते त्यांच्या मर्जीवर. दुसऱ्या एखाद्या कार्यालयाने ऐन छाननीच्या तोंडावर दिलेल्या आदेशावर हरकत उभी असेल, तर हा वेळ दिलाच पाहिजे, अशी सूचना निवडणूक आयोग आपल्या अधिकाऱ्यांना देऊ शकतो. पुढच्या निवडणुकीची अधिसूचना निघण्याआधी आयोगाने ती द्यावी.