क्लॅमथची धरणे गेली, स्टीलहेडचे काय?

सप्टेंबर संपत आला की उत्तर कॅलिफोर्निया आणि ओरेगनमधल्या आपल्या काही मंडळींच्या गाड्यांत लांबलचक काठ्या दिसू लागतात. स्टीलहेडचा हंगाम सुरू झालेला असतो. सुरमई-पापलेटवर वाढलेल्या आपल्या बहुतेकांना हे वेड कळत नाही. थंडगार पाण्यात कमरेपर्यंत उभे राहायचे, पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी दिवसभर फेकायची, आणि मासा लागलाच तर सोडून द्यायचा! पण या माशामागे पाण्याचे जे राजकारण आहे ते आपल्याला चांगले कळण्यासारखे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्टीलहेड हा वेगळा मासा नव्हे. तो रेनबो ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन मोठा होऊन परत येणारा. साल्मन अंडी घातल्यावर मरतो. स्टीलहेड मरेलच असे नाही, तो पुन्हा समुद्र गाठू शकतो. क्लॅमथ नदीत तर 'हाफ-पाउंडर' नावाची छोटी स्टीलहेड काही महिन्यांतच समुद्रातून परततात आणि शरद ऋतूत फ्लायवाल्यांची चंगळ करतात.

या नदीवरची चार धरणे काढून टाकण्याचे काम २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाले: आयर्न गेट, कॉपको १, कॉपको २ आणि जे. सी. बॉयल. "दुष्काळी राज्यात धरणे फोडतात, यांना वेड लागलेय का?" हा प्रश्न आम्ही गणपतीच्या जेवणाच्या पंगतीतही ऐकला. धरण म्हणजे शेतीचे पाणी हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहे. इथे ते चुकते. ही चारही धरणे विजेसाठी होती, त्यांतून शेतीला पाणी जात नव्हते. वीजही कंपनीच्या एकूण उत्पादनाच्या जेमतेम दोन टक्के. परवान्याची मुदत २००६ मध्ये संपली होती, आणि नवा परवाना हवा तर माशांसाठी शिड्या बांधा, असे सरकारने सांगितले. हिशेब केल्यावर धरणे ठेवण्यापेक्षा पाडणे स्वस्त निघाले. सुमारे ४५ कोटी डॉलर्सची तरतूद झाली, त्यातले २० कोटी वीजग्राहकांच्या बिलातून आणि बाकीचे कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या जलरोख्यांतून. थोडक्यात, भावनेइतकाच हा व्यवहारही होता. युरोक, करुक वगैरे नदीकाठच्या आदिवासी जमातींनी त्यासाठी वीसेक वर्षे लढा दिला, हे मात्र विसरून चालणार नाही. कॉपको तलावाकाठी घरे घेतलेल्यांच्या अंगणासमोर आता तलाव नाही, हेही खरे.

काम सुरळीत झाले असे नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सोडलेली सुमारे ८ लाख ३० हजार साल्मनची पिले आयर्न गेटच्या बोगद्यातून जाताना मेली. तरीही त्याच ऑक्टोबरात चिनूक साल्मन जुन्या धरणांच्या जागा ओलांडून ओरेगनमध्ये पोचले, आणि २०२५ च्या शरद ऋतूत तर थेट अप्पर क्लॅमथ सरोवराच्याही वर. शंभरेक वर्षांनंतर!

मग स्टीलहेडही असाच धावत येईल का? आमच्या मते इतक्यात नाही. चिनूकची बहुतेक पिले काही महिन्यांतच समुद्राकडे निघतात. स्टीलहेडची पिले एक ते तीन वर्षे नदीतच काढतात, म्हणजे त्यांना उन्हाळे सोसावे लागतात. त्यासाठी उपनद्यांत गार पाणी हवे. आणि शास्ता, स्कॉट या उपनद्यांचे पाणी उन्हाळ्यात गवताच्या कुरणांना जाते. खरे भांडण इथे आहे आणि धरणे पाडून ते मिटलेले नाही. २०२२ मध्ये शास्ता खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी उपशाची बंदी मोडून आठ दिवस पंप चालवले. दंड किती? चार हजार डॉलर्स, तोही सगळ्यांत मिळून! पुढे २०२४ मध्ये कायदा करून राज्याने दंड वाढवला.

शेतकऱ्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण २००१ च्या दुष्काळात माशांसाठी वरच्या खोऱ्यातले कालवे बंद झाले तेव्हा हजाराहून अधिक शेतांची पिके धोक्यात आली. पुढच्या वर्षी शेतीला पाणी दिले, आणि सप्टेंबर २००२ मध्ये खालच्या नदीत उथळ, कोमट पाण्यात रोग पसरून किमान ३४ हजार मासे मेले. सोलापूर-पुण्याचे पाण्याचे वाद ऐकत मोठे झालेल्यांना यातली दोन्ही दुःखे समजावून सांगायला नकोत. आम्हाला वाटते, पाणी कमी घेणाऱ्याला आगाऊ मोबदला देणे दंडापेक्षा जास्त कामी येईल, कारण दंड येईपर्यंत ओढा आटलेला असतो.

तिकडे जाणाऱ्यांसाठी एवढेच: नियम दरवर्षी आणि कधी हंगामाच्या मध्येही बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी पाहून घ्या. गळाला काटेरी टोक नको. पाठीमागचा छोटा चरबीचा पर कापलेला असेल तर मासा हॅचरीतला. तो शाबूत असेल तर मासा नदीतच जन्मलेला, त्याला पाण्याबाहेर न काढता सोडा. आणि दुपारी पाणी तापले की काठी गुंडाळा. २०२५ च्या वसंतात वरच्या ओढ्यांत जन्मलेली पिले मोठी होऊन परत यायला २०२८ किंवा २०२९ उजाडेल.