५१२ बाइटांचा संसार

गेल्या शनिवारी ऑफिसातला एक मित्र घरी आला, तर मी जुन्या लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनकडे टक लावून बसलेलो. "अरे, ग्रब फुकट मिळतो की! बूट लोडर कशाला लिहीत बसलायस?"

प्रश्न रास्त आहे. पण माझं मत पक्कं आहे मंडळी: हौसेखातर ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची, तर बूट लोडर एकदा तरी स्वतःच्या हाताने लिहावा. नंतर खुशाल ग्रब वापरा.

जुना बायोस डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, मेमरीत ७सी०० या पत्त्यावर आणून ठेवतो आणि तिथे उडी मारतो. शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए या सहीचे. पार्टिशन टेबल ठेवलंत तर कोडला उरतात जेमतेम ४४६.

मी आधी सगळं त्यातच कोंबायला गेलो. फाइल सिस्टिम वाचणं, कर्नल आणणं, प्रोटेक्टेड मोड, वर एरर मेसेजसुद्धा! दोन वीकएंड बाइट मोजण्यात गेले. मग अक्कल आली. पहिल्या टप्प्याने एकच काम करायचं: दुसऱ्या टप्प्याला आणायचं. चुकलंच तर स्क्रीनवर एक अक्षर छापून थांबायचं. दुसऱ्याला जागेची एवढी चणचण नसते. तो बायोसला मेमरीचा नकाशा विचारतो, ए-२० लाइन उघडतो, कर्नल आणतो आणि मग प्रोटेक्टेड मोडमध्ये जातो. तिथून बायोसला सरळ हाक मारता येत नाही, म्हणून जे मागायचं ते आधीच मागून घ्यायचं.

एवढं करून क्यूएमूमध्ये झकास चाललं आणि खऱ्या लॅपटॉपवर शून्य! डेटा सेगमेंट रजिस्टर शून्य असेल हे मी गृहीत धरलं होतं. एम्युलेटरमध्ये ते होतं, इथे नव्हतं. दोन ओळी वाढवल्या आणि चाललं.

आता यूईएफआयच्या मशीनवर फर्मवेअर स्वतःच फॅट पार्टिशनमधून फाइल उचलतं, तिथे ही कसरत लागत नाही, हे कबूल. पण दिवसभर आपण दुसऱ्यांनी रचलेल्या थरांवर काम करतो. खाली कुणीतरी सगळं नीट मांडून ठेवलं असेल, हे गृहीतच धरतो. ती सवय माझी त्या दोन ओळींनी मोडली. सोमवारी ऑफिसात कोड रिव्ह्यू करताना पहिला प्रश्न हाच विचारला: हे व्हेरिएबल कोण सेट करतं?

असो. आता तिसरा टप्पा: स्वयंपाकघरातून हाका येताहेत.